दवाखाना लांब, पाणी जवळ हवे

शहापूर किंवा मुरबाडच्या माणसाला अंतराचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. बाळंतपण अडले, साप चावला, छातीत कळ आली, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'पुढे कुठे न्यायचे?' शहापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. पण अंग मोठ्या प्रमाणावर भाजले असेल, डोळ्याला तातडीची शस्त्रक्रिया लागणार असेल किंवा रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवायचे असेल, तर गाडी बहुतेक वेळा कल्याण, ठाणे किंवा मुंबईकडे वळते. मुरबाडहून कल्याण सुमारे ३० किलोमीटर. शहापूरहून ठाणे पन्नासच्या पुढे, आणि मध्ये भिवंडी बायपासची कोंडी. भाजलेल्या रुग्णांसाठीचे नॅशनल बर्न्स सेंटर आहे ते थेट नवी मुंबईत, ऐरोलीला.

याच दोन तालुक्यांत धोक्याची कामे मात्र हाकेच्या अंतरावर आहेत. मुरबाडची औद्योगिक वसाहत, आसनगाव-आटगाव-वाशिंद पट्ट्यातले कारखाने, महामार्गांची कामे, दगडखाणी आणि खडी क्रशर, वीटभट्ट्या, गोदामे, शिवाय भाजीपाल्याच्या शेतातली फवारणी. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यातल्या सरलांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र गर्डरसह कोसळले आणि २० जणांचा जीव गेला. त्यातले बहुतेक बाहेरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले होते. असा मोठा अपघात वर्तमानपत्रात येतो. हातावर ॲसिड उडाले, टाकीत उतरलेला माणूस चक्कर येऊन पडला, प्रेसमध्ये बोट गेले, या गोष्टी बहुधा गेटच्या आतच राहतात.

अशा वेळी 'आधी दवाखान्यात न्या' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी येते. रासायनिक अपघातात नेमके तेच चुकते. रसायन अंगावर पडले की पहिली पंधरा-वीस मिनिटे निर्णायक असतात आणि ती गाडी बोलावण्यात, गाडीत बसवण्यात आणि फाटकापर्यंत पोहोचण्यात निघून जातात. पुढच्या रुग्णालयात कितीही निष्णात डॉक्टर असला तरी ही वीस मिनिटे तो परत आणू शकत नाही. म्हणून दवाखाना जितका लांब, तितकी कामाच्या जागेवरची तयारी जास्त हवी. ही तयारी फार महागही नाही. भरपूर पाणी, रसायनाचे नेमके नाव आणि कागदावर केलेली नोंद, या तीन गोष्टींत तिचा मोठा भाग येतो.

पहिले औषध पाणी

आगीने भाजले तर आग विझली, अंग थंड झाले, की इजा वाढण्याचे थांबते. रसायनाचे तसे नसते. ते कातडीवर आहे तोपर्यंत आपले काम करत राहते. रुग्ण गाडीत बसलेला असतो, घरच्यांना वाटते आपण धावपळ करतो आहोत, आणि इकडे ओल्या कपड्याखाली रसायन खोल खोल जात असते.

त्यातही ॲसिडपेक्षा अल्कली अनेकदा जास्त घातक ठरते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. ॲसिड कातडीतली प्रथिने गोठवते. या गोठलेल्या थराची खपली तयार होते आणि ॲसिडला आणखी आत जायला थोडा अडथळा होतो. कॉस्टिक सोडा, चुना यांसारखी अल्कली कातडीतल्या चरबीचा अक्षरशः साबण करतात, पेशी विरघळवतात आणि वाट मोकळी करत आत जातात. डोळ्यात गेलेली अल्कली तर काही मिनिटांतच बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला भेदून आत पोहोचते. सुरुवातीला वेदना कमी असू शकतात, आणि तिथेच माणूस फसतो.

याचे रोजच्या बघण्यातले उदाहरण म्हणजे ओले सिमेंट. ते चांगलेच अल्कलीयुक्त असते. स्लॅबवर गुडघे टेकून काम करणाऱ्या गवंड्याच्या पँटमध्ये किंवा बिगाऱ्याच्या गमबुटात ओला माल शिरतो. तेव्हा विशेष काही जाणवत नाही. संध्याकाळी बूट काढल्यावर मात्र कातडी काळी पडून सोललेली दिसते. म्हणून बुटात माल गेला की 'सुट्टी झाल्यावर बघू' म्हणायचे नाही. बूट तिथेच काढायचा आणि पाय तिथेच धुवायचा.

धुवायचे कसे? रसायन पडलेले कपडे, चप्पल-बूट, घड्याळ, अंगठी, गळ्यातला दोरा लगेच काढावा. शर्ट डोक्यावरून ओढून काढू नये, नाहीतर तेच रसायन तोंडाला आणि डोळ्यांना लागते. तो कापावा. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. मग वाहत्या स्वच्छ पाण्याखाली कमीत कमी वीस मिनिटे धुवत राहावे. अल्कली असेल तर त्याहून जास्त. एक-दोन बादल्या ओतल्या म्हणजे धुऊन झाले असे नाही. डोळा असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून नाकाच्या बाजूने बाहेरच्या बाजूकडे पाणी सोडावे, म्हणजे एका डोळ्यातले रसायन दुसऱ्यात जाणार नाही. लेन्स असेल तर धुता धुताच काढावी. रुग्ण डोळे घट्ट मिटून ओरडेल, हात झटकेल. दोघांनी धरून ठेवावे, पण धुणे थांबवू नये. १०८ ला फोन दुसऱ्याने करावा. धुणे आणि फोन दोन्ही एकाच वेळी सुरू झाले पाहिजे.

आता पाण्याचा हिशेब करू. कारखान्यात डोळे धुण्यासाठी आणि अंगावर पाणी सोडण्यासाठी आपत्कालीन शॉवर असावा लागतो. त्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मानकानुसार डोळ्यांसाठी मिनिटाला सुमारे दीड लिटर आणि अंगासाठी मिनिटाला सुमारे ७५ लिटर पाणी सलग पंधरा मिनिटे मिळाले पाहिजे, आणि धोक्याच्या जागेपासून तिथे दहा सेकंदांत पोहोचता आले पाहिजे. म्हणजे डोळ्यांसाठी साडेबावीस लिटर. पिण्याच्या पाण्याचा जो वीस लिटरचा जार मिळतो, त्याहून थोडे जास्त. आणि एका माणसाचे अंग धुवायला ११०० लिटरच्या वर.

शहापूर तालुक्यात हा आकडा वाचून कोणीही थबकेल. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आणि पाडेही इथलेच. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण इथे नेहमीच वापरली जाते. कारखान्याच्या टाकीतही एप्रिल-मे महिन्यात तळ दिसतो. म्हणून हे पाणी रोजच्या वापराच्या टाकीतून धरून चालत नाही. ते वेगळे राखून ठेवावे लागते. टाकी उंचावर हवी, म्हणजे वीज गेली आणि पंप बंद पडला तरी पाणी येईल. आणि ती पत्र्याच्या छतावर उन्हात ठेवू नये. मे महिन्यात दुपारी अशा टाकीतले पाणी चटका देण्याइतके तापते. भाजलेल्या माणसाला त्याखाली पंधरा मिनिटे कोण उभे करणार?

वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर किंवा शेतात शॉवर नसतो, हे खरेच. तिथे झाकण लावलेले भरलेले पिंप, मग, साबण आणि एक स्वच्छ चादर एवढे ठेवले तरी बरेच साधते. अट एकच: ते पाणी हातपाय धुवायला किंवा माल कालवायला कुणी वापरायचे नाही.

हे करू नका

ॲसिड पडले म्हणून खायचा सोडा, कॉस्टिक पडले म्हणून लिंबू किंवा ताक, असा 'उतारा' करण्याचा मोह होतो. तो टाळावा. ॲसिड आणि अल्कली एकत्र आले की उष्णता तयार होते आणि आधीच दुखावलेली कातडी आणखी भाजते. शिवाय उतारा शोधण्यात वेळ जातो. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांचाही उपयोग नाही. हे थर रसायन अडकवून ठेवतात आणि पुढे डॉक्टरला जखम दिसत नाही. रसायन पोटात गेले असेल तर उलटी करवू नये. जे उतरताना अन्ननलिका जाळते, ते चढतानाही जाळते.

पाण्याच्या नियमाला मोजके अपवाद आहेत. कळीचा चुना किंवा दुसरी कोरडी पूड अंगावर पडली तर आधी ती मऊ ब्रशने किंवा फडक्याने झटकावी, मग भरपूर पाणी सोडावे. सोडियम-पोटॅशियमसारखे धातू पाण्याशी पेट घेतात, त्यांचे कण आधी कोरड्या चिमट्याने काढावे लागतात. फिनॉलसाठी विशेष द्रव वापरतात. तो नसेल तर मात्र पाण्याचा जोरदार, सतत मारा हवा. आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडची गोष्ट अगदी वेगळी. काच कोरायला, स्टेनलेस स्टील साफ करायला ते वापरतात. सौम्य असेल तर लागल्यावर काही तास दुखतही नाही. पण ते आत शिरून रक्तातल्या कॅल्शियमला बांधून टाकते आणि हृदयाची लय बिघडवते. तीव्र ॲसिड आपल्या दोन-तीन तळव्यांएवढ्या जागेवर पडले तरी जिवावर बेतू शकते. यावर पाण्यानंतर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल चोळतात. जिथे हे ॲसिड आहे, तिथे ही जेल प्रथमोपचाराच्या पेटीत असलीच पाहिजे. ती तालुक्याच्या मेडिकलमध्ये रात्री बाराला मिळेल अशी आशा धरणे योग्य नाही.

टाकीत उतरण्याआधी

ईटीपीची टाकी, सेप्टिक टँक, रिॲक्टर, विहीर, नुकताच स्लॅब घातलेली जमिनीखालची पाण्याची टाकी. या सगळ्या जागा बाहेरून निरुपद्रवी दिसतात. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाडा येथे बांधकामाधीन इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून दगावले. तिथे स्फोट झाला नव्हता, आगही लागली नव्हती.

आपण श्वास घेतो त्या हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की जागा धोक्याची मानतात. दहा टक्क्यांच्या खाली माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होतो. नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. सडलेल्या गाळातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची क्षमताच बधिर होते. वास यायचा थांबला म्हणून 'गॅस गेला' असे समजून माणूस उतरतो, आणि त्याच वेळी गॅस सर्वांत जास्त असतो. जळती मेणबत्ती किंवा कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धतही भरवशाची नाही. ज्वाळा हायड्रोजन सल्फाइड ओळखत नाही, आणि आत पेट घेणारी वाफ असेल तर स्फोट होतो. गॅस मोजणारे छोटे यंत्र हाच खरा उपाय.

सर्वांत वाईट घडते ते त्यानंतर. पहिला कोसळला की दुसरा त्याला काढायला उडी घेतो. मग तिसरा. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये नोंदवले होते की, बंदिस्त जागेतल्या मृतांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जण दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात. सहकाऱ्यासाठी जिवाची पर्वा न करणाऱ्या माणसांचा हा आकडा आहे. म्हणून उतरणाऱ्याच्या अंगाला आधीच पट्टा आणि दोर बांधलेला असावा, दोराचे दुसरे टोक वर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती किंवा तिपाईच्या कप्पीला असावे. कोसळलेल्याला वर खेचता आले पाहिजे. त्याच्यामागे विनाउपकरण कुणीही उतरायचे नाही. तोंडाला ओला रुमाल किंवा साधा मास्क लावून ऑक्सिजन वाढत नाही.

'आता बरे वाटतेय'

काही गॅस असे आहेत की, लगेच फारसा त्रास देत नाहीत. थोडा खोकला, डोळ्यांची चुरचुर, मग मोकळ्या हवेत बरे वाटते. माणूस पाणी पितो, शिफ्ट संपवतो आणि घरी जातो. मध्यरात्री धाप लागते, तोंडाला फेस येतो. नायट्रिक ॲसिडमधून निघणारा पिवळसर-तांबडा धूर आणि फॉस्जिन यांचे हे ओळखीचे वागणे आहे. क्लोरीनचाही मोठा मारा बसला तर असे होऊ शकते. फुप्फुसाच्या पातळ पडद्यावर सूज येऊन त्यात पाणी साठायला काही तास लागतात. कधी पूर्ण दिवस जातो.

शहराच्या वस्तीत असा रुग्ण रात्री दहा मिनिटांत रुग्णालयात पोहोचेल. डोळखांब किंवा टोकावड्याच्या पलीकडल्या पाड्यावर असेल, तर गाडी मिळेपर्यंतच उजाडेल. म्हणून असा धूर छातीत गेलेल्या माणसाला, तो कितीही 'ठीक आहे' म्हणाला तरी, घरी न पाठवता रुग्णालयात निदान एक दिवस देखरेखीखाली ठेवणे शहाणपणाचे. त्याला चालवू नये, पायऱ्या चढवू नयेत. धावपळीने सूज लवकर येते.

डॉक्टरला नाव सांगा

रुग्णासोबत आलेला माणूस सांगतो, 'साहेब, केमिकल पडलेय.' डॉक्टरच्या दृष्टीने ही माहिती जवळजवळ शून्य आहे. उपचार नावावर ठरतो. रंग उद्योगात वापरले जाणारे ॲनिलीन कातडीतून शरीरात जाते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेते. ओठ निळे पडतात, रक्त चॉकलेटी दिसते, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकून फसवे आकडे दाखवतो. याला मिथिलीन ब्लू नावाचे औषध आहे, पण डॉक्टरला ॲनिलीन हे नाव कळले तर ते वेळेत आठवते. प्लेटिंगच्या कामातल्या सायनाइडवर वेगळा उतारा आहे, आणि त्याला हाताशी वेळ मिनिटांचा असतो.

शेतातही तेच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळून फवारल्याचे तेव्हा समोर आले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, लाळ, घाम, स्नायूंची थरथर ही ऑरगॅनोफॉस्फेट गटाची लक्षणे. त्यावर ॲट्रोपिन चालते. पण प्रत्येक कीटकनाशक या गटातले नसते. भेंडी-मिरचीवर फवारणारा मुरबाड-शहापूरचा शेतकरी दवाखान्यात येताना रिकामी बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो घेऊन आला, तर उपचाराची दिशा ठरते. निघण्यापूर्वी कपडे काढून अंग साबणाने धुतले असेल, तर विषाचा डोसही तिथेच कमी झालेला असतो.

नाव न कळण्याची किंमत काय असते, हे देशाने ३ डिसेंबर १९८४ च्या पहाटे भोपाळमध्ये पाहिले. हमीदिया रुग्णालयात हजारो माणसे येत होती, आणि गॅस नेमका कोणता, त्यावर काय द्यायचे, हे तिथल्या डॉक्टरांना कुणी नीट सांगू शकले नाही. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांबद्दलचे नवे प्रकरण आले, आणि कामगाराला व आसपासच्या वस्तीला धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ च्या नियमांनी घातक रसायनासोबत लेबल आणि सुरक्षा माहितीपत्रक असणे सक्तीचे केले.

हे माहितीपत्रक सोळा भागांचे असते. त्यातला चौथा भाग प्रथमोपचाराचा. तो मराठीत आणि हिंदीत उतरवून ड्रमजवळ लावायला एक दुपार पुरे. कामगाराने तेवढे पान किंवा त्याचा मोबाइलवर फोटो डॉक्टरला दाखवावा. वाचता येत नसेल तरी ड्रमवरच्या लाल चौकटीतली चित्रे ओळखता येतात: हातावर आणि धातूवर थेंब पडून ते खाल्लेले दिसले तर जाळणारे रसायन, कवटी असेल तर जहाल विष, ज्वाळा असेल तर पेट घेणारे, माणसाच्या छातीत चांदणीसारखी खूण असेल तर हळूहळू शरीर बिघडवणारे. रसायन पाण्याच्या बाटलीत किंवा थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवण्याची सवय म्हणूनच जीवघेणी. एक तर कुणी ते पितो, आणि दुसरे म्हणजे नाव हरवते. विषबाधेबद्दल सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या विनाशुल्क क्रमांकावर आहे. तालुक्याच्या डॉक्टरनेही तो हाताशी ठेवावा असा आहे.

यंत्रात सापडलेला हात

रसायनाखेरीज इथल्या कारखान्यांत नेहमी होणारी इजा म्हणजे पॉवर प्रेस, रोलर किंवा पट्ट्यात अडकलेला हात. रक्त वाहत असेल तर जखमेवर स्वच्छ कापड ठेवून जोरात, सतत दाबावे. सारखे उचलून बघू नये. तुटलेले बोट शोधावे, स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवले तर पेशी गोठून मरतात. नीट थंड ठेवलेले बोट बारा तासांनंतरही जोडता येण्याची शक्यता असते. मनगटाच्या वरचा भाग तुटला असेल तर त्यात स्नायू जास्त असतात, त्यामुळे हाती सुमारे सहा तासच असतात. मुरबाडहून मुंबईत जाऊन शस्त्रक्रिया सुरू व्हायला लागणारा वेळ यात धरला की, चहापाणी करून निघण्याइतकी फुरसत नाही हे कळते.

ढिगाऱ्याखाली किंवा गर्डरखाली पाय दबून तास-दोन तास गेले असतील, तर सुटका करण्यातच धोका असतो. चेंगरलेल्या स्नायूंत साठलेले पोटॅशियम दाब निघताच रक्तात येते आणि हृदय थांबवू शकते. मूत्रपिंडे निकामी होतात. अशा वेळी शक्य असेल तर दाब काढण्याआधीच शिरेतून सलाइन सुरू व्हावे लागते. १०८ ला फोन करताना 'माणूस दबलेला आहे' हे आणि किती वेळापासून, हे सांगावे ते यासाठी.

कागदावर आले पाहिजे

जखम भरते, पण तिचा कागद झाला नाही तर पुढची लढाई हरल्यात जमा. 'घरी पडला असे सांग, खर्च आम्ही करू' असे ठेकेदाराने म्हटले की कामगाराला हायसे वाटते. केसपेपरवर तेच लिहिले जाते. सहा महिन्यांनी बोट वाकत नाही, नजर धूसर होते, काम जाते, आणि अपघात कामावर झाला याचा पुरावा कुठेच नसतो.

म्हणून डॉक्टरला खरे सांगावे आणि केसपेपरवर तारीख, वेळ, कामाची जागा, कशाने इजा झाली आणि रसायनाचे नाव लिहायला सांगावे. पोलिसांचे प्रकरण होईल म्हणून कोणतेही रुग्णालय तातडीचा उपचार नाकारू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केले आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असेल तर कामावरच्या इजेने घरी बसावे लागलेल्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के लाभ मिळतो. योजनेत नाव नसेल तर मालकाकडून भरपाईचा हक्क आहे, आणि कामगार ठेकेदाराचा आहे म्हणून मुख्य मालक सुटत नाही. दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुन्या कायद्यांची नावे मागे पडली, तरी हे मूळ हक्क कायम आहेत.

हळू चढणाऱ्या विषाला तर कागदाशिवाय दुसरा साक्षीदारच नसतो. खडी क्रशरवर दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो. खोकला, धाप, वजन घटणे. लक्षणे क्षयासारखी दिसतात, आणि अशा छातीत क्षय होण्याची शक्यताही वाढते. क्षयाच्या गोळ्यांनी ही धूळ निघत नाही. 'काम काय करता आणि किती वर्षे?' हा प्रश्न डॉक्टरने विचारला नाही, तर रुग्णाने स्वतःहून सांगावे. सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, क्रोमने पडणारे व्रण अशा कामामुळे होणाऱ्या आजारांची यादीच कायद्यात आहे. असा रुग्ण आढळला तर डॉक्टरने सरकारला कळवायचे असते. कळवलेला एक रुग्ण त्याच जागी काम करणाऱ्या इतर कित्येकांच्या तपासणीचे कारण ठरू शकतो.

उद्या कामावर गेल्यावर एवढे करून पाहा. आपत्कालीन शॉवरची साखळी ओढा आणि पाणी किती वेळ, किती जोरात येते ते घड्याळ लावून बघा. आपण हाताळतो त्या ड्रमवरच्या नावाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा आणि घरच्यांनाही पाठवा. अपघातांची नोंदवही कुठे असते ते सुपरवायझरला विचारा. शॉवरला पाणी नसेल, नाव वाचता येत नसेल किंवा वही कुणाला माहीत नसेल, तर ते आजच सुरक्षा अधिकाऱ्याला किंवा मालकाला सांगायला हवे. तिथे दाद लागली नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करता येते.